ट्रिगर दाबण्याआधी

कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यात शिरले की पहिले मोठे गाव लागते इगतपुरी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून नाशिक शहर ओलांडून सिन्नरपर्यंतचे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर, पण सिन्नर मोडते अवर्षणप्रवण तालुक्यांत. या दोन टोकांच्या मध्ये गोंदे, अंबड, सातपूर, मुसळगाव, माळेगाव अशा औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत. महिंद्रच्या गाड्या, पूर्वी मायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉशचे इंधन-इंजेक्शनचे भाग, विजेची पॅनेल, द्राक्षबागांतले फवारणीचे ब्लोअर असे पुष्कळ काही या पट्ट्यात तयार होते. ओझरला 1964 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि सुखोई विमाने बांधली गेली. या मोठ्या नावांभोवती लहान लहान पेंट शॉप आहेत. पार्ट यायचे, रंगवायचे, वाळवायचे आणि परत पाठवायचे, हे त्यांचे जॉबवर्क.

या शॉपमध्ये एक तक्रार वर्षभर ऐकू येते. लॉट परत आलेला असतो. रंगावर बारीक खड्डे आहेत, ओघळ आले आहेत, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला आहे किंवा चकाकीवर पांढुरकी झाक आली आहे. पहिला ठपका ठरलेला असतो: पेंटरचा हात बिघडला. मग पार्ट घासायचे, पुन्हा प्रायमर, पुन्हा टॉपकोट. या रिवर्कमध्ये मजुरी, रंग, थिनर आणि ओव्हनचे इंधन दुसऱ्यांदा खर्ची पडते आणि लहान युनिटचा त्या लॉटवरचा नफा तिथेच संपतो.

हातामुळे होणारे दोष आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण रंगाचे बरेचसे दोष गनचा ट्रिगर दाबण्याआधीच ठरून गेलेले असतात. ते धातूवर असतात, हवेत असतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत असतात. रंगाचा थर त्यांना फक्त उघडे पाडतो. म्हणून दोष टाळायचा तर त्याचा माग उलट्या दिशेने, गनकडून मागे मागे काढावा लागतो.

स्वच्छ दिसणारा धातू

प्रेसमधून किंवा लेथवरून आलेल्या पार्टवर कूलंट असते, गंज येऊ नये म्हणून लावलेले तेल असते, हाताळणाऱ्यांच्या बोटांचे ठसे असतात. कापडाने पुसले की तो चकाकतो, पण कापड तेल काढत नाही, बहुतांशी पसरवते. तेलाचा इतका पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, रंगाला मात्र तो जाणवतो.

यावरची सर्वांत स्वस्त परीक्षा पाण्याची आहे. धुतलेला पार्ट स्वच्छ पाण्यात बुडवून उभा धरायचा आणि पाणी कसे निथळते ते पाहायचे. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा अखंड पापुद्रा अर्धा मिनिट तरी टिकतो. जिथे तो फाटतो आणि पाणी थेंबाथेंबाने गोळा होते, तिथे तेल शिल्लक आहे. वेल्डिंगच्या सांध्याजवळ, घडीच्या आत, भोकांच्या कडेला पापुद्रा हमखास आधी फाटतो. तो भाग पुन्हा डीग्रीजिंगला, म्हणजे तेल काढायला पाठवायचा. यासाठी ना उपकरण लागते ना रसायन, लागतो तो अर्धा मिनिट थांबायचा धीर.

नाशिकच्या शॉपमध्ये ‘सेव्हन टँक’ म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया याचसाठी असते. तेल काढायची टाकी, पाण्याची टाकी, आम्लाने गंज काढायची टाकी, पुन्हा पाणी, मग फॉस्फेटिंग, पुन्हा पाणी आणि शेवटी पॅसिव्हेशन असा तिचा साधारण क्रम. फॉस्फेटमुळे पोलादावर बारीक स्फटिकांचा करडा थर बसतो. प्रायमरला त्यात पकड मिळते आणि रंगावर ओरखडा पडला तरी गंज त्याखाली सहजासहजी पसरत नाही.

या साखळीत दुर्लक्ष होते ते मधल्या साध्या पाण्याकडे. धुण्याची टाकी दिवसेंदिवस बदलली नाही की आधीच्या टाकीतले आम्ल आणि क्षार पुढच्या टाकीत वाहून जातात. बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पार्टवर क्षारांचे डाग राहतात. रंगाखाली अडकलेला क्षार बाहेरची ओल रंगाच्या थरातून आत ओढून घेतो आणि काही महिन्यांनी फुगे येतात. पार्ट पाठवताना रंग निर्दोष दिसतो, दोष ग्राहकाच्या दारात उगवतो. घामेजल्या हाताच्या ठशातही मीठ असते, म्हणून फॉस्फेटिंगनंतर पार्टला उघडा हात लावायचा नाही. स्वच्छ हातमोजे हा इथला नियम हवा. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाळावी लागते: धुऊन वाळवलेल्या पार्टला शक्य तितक्या लवकर प्रायमर लावायचा. दमट हवेत उघड्या पोलादावर काही तासांतच पिवळसर गंज धरतो.

कडांचेही असेच. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरतो, त्यामुळे सपाट भागावर जाड बसलेला थर कडेवर अगदी पातळ राहतो. गंजाची पहिली रेघ कडेवरच का उमटते, याचे उत्तर यात आहे. कातरलेल्या पत्र्याची कड रंगवण्याआधी घासून गोल केली तर रंग तिथे टिकतो. हे काम फॅब्रिकेशन विभागाचे आहे, पण तक्रार येते पेंट शॉपवर.

द्राक्षबागेतले सिलिकॉन

बारीक गोल खड्डे, मध्ये तळ उघडा आणि भोवती रंगाची उंच कड, या दोषाला शॉपमध्ये फिश आय म्हणतात. त्यामागे जवळजवळ नेहमीच तेल, मेण किंवा सिलिकॉन असते.

कारण द्रवांच्या पृष्ठताणात आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, फवारणीच्या रंगांचा साधारण 25 ते 35 आणि सिलिकॉन तेलाचा 21 च्या आसपास. पृष्ठभागावर ताण कमी-जास्त असेल तर द्रव कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे खेचला जातो. एकोणिसाव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी या वाहण्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. ओल्या रंगात सिलिकॉनचा सूक्ष्म थेंब पडला की त्या जागी ताण घटतो, रंग चहूबाजूंनी दूर पळतो आणि खड्डा तयार होतो.

नाशिकमध्ये याला एक खास स्थानिक संदर्भ आहे. द्राक्षाच्या पानावर औषध पसरावे म्हणून फवारणीच्या पाण्यात सिलिकॉनयुक्त स्टिकर-स्प्रेडर मिसळतात. तो पाण्याचा ताण बावीसच्या आसपास उतरवतो, म्हणून थेंब पानावर गोळा न होता पसरतो. बागेत जो गुण उपयोगाचा, तोच पेंट शॉपमध्ये शत्रू. फवारणीचा वापरलेला ब्लोअर दुरुस्तीला आणि पुन्हा रंगवायला येतो तेव्हा त्याच्या टाकीवर, पंख्यावर, चौकटीवर हे सिलिकॉन असू शकते. असा पार्ट नव्या पार्टच्या रांगेत टाकायचा नाही. तो आधी वेगळ्या जागी सॉल्व्हंटने पुसायचा, आणि तोही दोन कापडांनी: एकाने ओले करून तेल उचलायचे, ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचे.

सिलिकॉन शॉपमध्ये शिरायला इतर वाटाही आहेत. कन्व्हेयरच्या साखळीवर मारलेला स्प्रे, डॅशबोर्डची पॉलिश, मोल्डिंग विभागातला मोल्ड रिलीज, सीलंट, कुणाच्या केसांचे किंवा हातांचे क्रीम. दारे उघडी असतील तर शेजारच्या शेडमध्ये मारलेला स्प्रेही हवेतून येतो. म्हणून फिश आय दिसू लागले की आधी विचारायचे, आज इथे नवीन काय आले? खड्डे बुजवण्यासाठी रंगातच थोडे सिलिकॉनचे औषध टाकण्याचा उपाय अनेक जण करतात. सगळ्या रंगाचा ताण सारखाच खाली आल्याने तो त्या दिवसापुरता चालतो. पण गन, पाइप, भांडी आणि फवारणीचा बूथ यांत ते सिलिकॉन उरते आणि पुढच्या लॉटला खड्डे पाडते.

दवबिंदूचा हिशेब

हवेत वाफ असते. हवा थंड होत गेली की एका तापमानाला त्या वाफेचे दव होऊ लागते, तो दवबिंदू. धातू दवबिंदूपेक्षा थंड असला की त्यावर ओल धरते. औद्योगिक रंगकामात जगभर मानला जाणारा नियम असा: धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश सेल्सिअसने जास्त हवे आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी.

जुलैतली सकाळ घ्या. हवा 25 अंश, आर्द्रता 90 टक्के. दवबिंदू येतो 23 च्या थोडा वर. म्हणजे धातू निदान 26 च्या पुढे हवा. शेडमध्ये ठेवलेला पार्ट हवेइतकाच, 25 अंशांवर असतो. ओल दिसत नसली तरी रंग मारायची ही वेळ नव्हे.

फसवणूक खरी होते ती हिवाळ्यात. हवा कोरडी वाटते, पेंटर निर्धास्त असतो. पण नाशिकची थंडी कडक असते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत 5 अंशांच्याही खाली जातो. रात्रभर शेडबाहेर राहिलेला जाड पार्ट सकाळी दहालाही 9 अंशांवर असू शकतो. तोवर हवा 20 अंशांवर आलेली, आर्द्रता 45 टक्के. या हवेचा दवबिंदू 7.7 अंश. धातू आणि दवबिंदू यांत दीड अंशाचेही अंतर नाही. दुपारी त्याच पार्टवर तोच रंग नीट बसतो आणि सकाळी का बिघडला याचा उलगडा कुणाला होत नाही. उपाय साधा आहे: रंगवायचे पार्ट आदल्या रात्री आत आणून ठेवायचे, जाड पार्ट आधी ओव्हनमध्ये कोमट करायचे.

चकाकणाऱ्या रंगावरची पांढुरकी झाक, जिला ब्लशिंग म्हणतात, तीही याच कुटुंबातली. थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूखाली गेला की ओल्या रंगावरच दव पडते आणि रंग धुरकट होतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरसारख्या लवकर वाळणाऱ्या रंगांत हे जास्त घडते. पावसाळ्यात हळू उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर वापरला तर थंड होण्याचा वेग घटतो. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या पार्टवर वेगाने उडणारा थिनर रंगाला पसरायलाच वेळ देत नाही आणि संत्र्याची साल उमटते. गोंद्याच्या पावसात आणि सिन्नरच्या कोरड्या वाऱ्यात एकाच थिनरवर वर्षभर काम चालणार नाही.

हे मोजायला एक हवामापक हवा, जो तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो, आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर. यात एक सावधगिरी: चकचकीत उघड्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि भोवतालची परावर्तित करतो. पार्टवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, त्याला धातूइतका गार किंवा गरम होऊ द्यायचे आणि त्या टेपवर मोजायचे.

कॉम्प्रेसरचे पाणी

बूथमधली हवा कोरडी असली तरी गनमधून येणारी हवा कोरडी असेलच असे नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो, पण तिच्यातली वाफ कुठे जात नाही. पावसाळ्यात 27 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा मिनिटाला 1 घनमीटर या दराने ओढून सुमारे 7 बारपर्यंत दाबली आणि ती पुन्हा गार झाली, तर तासाला एक लिटरहून जास्त पाणी वेगळे होते. आठ तासांच्या पाळीत ते बादलीभर होईल. ते टाकीत आणि पाइपमध्ये साचते, हवेचा ओघ वाढला की गनपर्यंत येते. रंगात त्याचे सूक्ष्म थेंब फुटले की फोड आणि खड्डे दिसतात. पिस्टन कॉम्प्रेसरच्या जुन्या रिंगांतून सुटलेले तेलही याच वाटेने येते.

प्रतिबंधाची साखळी अशी. टाकीखालचा कॉक रोज, पावसाळ्यात पाळीत अनेकदा उघडायचा. मुख्य पाइप थोडा उताराचा ठेवून टोकाला निचरा द्यायचा. बूथकडे जाणारी शाखा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढायची, म्हणजे तळाशी वाहणारे पाणी तिच्यात उतरत नाही. त्यानंतर एअर ड्रायर आणि गनजवळ फिल्टर. परीक्षाही सोपी: रंग न भरता गनमधली हवा एका स्वच्छ पांढऱ्या कागदावर मिनिटभर मारायची. ओलसर ठिपके दिसले तर पाणी, ते वाळूनही पारदर्शक डाग राहिले तर तेल. कागद कोरडा आणि स्वच्छ निघाला तरच रंग भरायचा.

बूथमधल्या धुळीचाही विचार हवामानाशी जोडून करावा लागतो. उन्हाळ्यात जमिनीवर पाणी मारून धूळ बसवतात, ते योग्यच. पण तीच सवय जुलैत चालू ठेवली तर बूथची आर्द्रता वाढते. पावसाळ्यात जमीन पुसावी, फिल्टर बदलावेत, दार बंद ठेवावे.

रंग, गन आणि हात

आता येतो रंग. घट्ट रंगाचे थेंब मोठे फुटतात, पुरते पसरत नाहीत आणि संत्र्याची साल देतात. फार पातळ केलेला रंग उभ्या पृष्ठभागावरून ओघळतो. म्हणून रंगाचा पातळपणा अंदाजाने नव्हे, कपाने ठरवायचा. फोर्ड कप किंवा बी-4 कप रंगाने भरायचा, खालचे भोक उघडायचे आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. फवारणीसाठी पुष्कळ रंगांना 18 ते 22 सेकंद लागतात, नेमका आकडा रंग कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. सकाळी थंड रंग घट्ट असतो, दुपारी तोच पातळ होतो. सकाळी ठरवलेले थिनरचे प्रमाण संध्याकाळपर्यंत तसेच ठेवले तर दिवसात दोन तऱ्हेचे पार्ट बाहेर पडतात.

गन मूळची डॉक्टरच्या दवाखान्यातली. अमेरिकेतल्या टोलेडोचे डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी यंत्र बनवले. त्यांचे पुत्र थॉमस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. हवेच्या झोताने द्रवाचे बारीक थेंब करायचे आणि पृष्ठभागावर पोहोचल्यावर ते एकमेकांत मिसळू द्यायचे, हे तत्त्व आजही तेच आहे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये पेंटरचे कौशल्य असते. गन पार्टपासून साधारण वीतभर, 15 ते 20 सेंटिमीटरवर, पृष्ठभागाशी काटकोनात. जास्त दूर धरली तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. जास्त जवळ धरली तर रंग साचतो आणि ओघळतो. मनगट वळवून कमान काढली तर मध्ये जाड आणि टोकांना पातळ थर बसतो, म्हणून गनबरोबर सगळा हात समांतर सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ट्रिगर पार्टच्या कडेबाहेर दाबायचा आणि कडेबाहेरच सोडायचा.

रंगाच्या दोन हातांच्या मध्ये वेळ सोडणे हा सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम आहे. पहिल्या हातातला थिनर उडायला साधारण 5 ते 10 मिनिटे द्यावी लागतात. घाईने दुसरा हात मारला, किंवा ओला पार्ट थेट गरम ओव्हनमध्ये सरकवला, तर वरचा थर आधी बंद होतो आणि आत अडकलेला थिनर तो फोडून बाहेर पडतो. टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. डिस्पॅचची गाडी दारात उभी असते तेव्हाच ही भोके जास्त का दिसतात, हे यावरून कळते.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नाही, म्हणून ब्लशिंग नाही आणि ओघळही क्वचितच. पावडरीच्या कणांना 60 ते 100 किलोव्होल्टच्या आसपासच्या विद्युतदाबाने भार दिला जातो, ते अर्थ केलेल्या पार्टला चिकटतात आणि 180 ते 200 अंशांवर वितळून एकसंध होतात. इथले दोष वेगळे. खोल कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोहोचत नाही, म्हणून पावडर तिथे जात नाही आणि कडांवर जास्त जमते. अशा वेळी व्होल्टेज कमी करून कोपरे आधी मारतात. हँगरवर जुन्या पावडरीचे थर चढले की अर्थिंग तुटते आणि सगळा पार्टच पातळ रंगतो. ओतीव पार्टच्या छिद्रांत कोंडलेली हवा ओव्हनमध्ये बाहेर पडून भोके पाडते, म्हणून ते पावडर मारण्याआधी एकदा तापवून घेतात. तेल आणि क्षार मात्र इथेही तितकेच घातक, कारण धुण्याच्या टाक्या त्याच असतात.

थांबण्याचा अधिकार

बूथमधल्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. श्वासावाटे ते शरीरात गेले तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल यापासून काहीच वाचवत नाही. स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि चालू असलेला एक्झॉस्ट या दोन गोष्टी रंगाच्या डब्याइतक्याच आवश्यक आहेत. धापा टाकणारा माणूस गन समांतर सरकवू शकत नाही, इतका सरळ संबंध त्याच्या आरोग्याचा आणि पार्टच्या दर्जाचा आहे.

आणि त्याला एक अधिकार हवा. पाळी सुरू होताना बूथच्या दारावरच्या फळ्यावर पाच नोंदी व्हाव्यात: हवेचे तापमान, आर्द्रता, धातूचे तापमान, कपाचे सेकंद आणि पांढऱ्या कागदाची परीक्षा. यांतली एक जरी नोंद मर्यादेत बसत नसेल तर काम थांबवायचे, हे पेंटरने ठरवावे आणि सुपरवायझरने मान्य करावे. हवामापक आणि थर्मामीटर मिळून काही हजार रुपयांत येतात. लॉट परत आला तर त्या तारखेची नोंद काढून पाहता येते आणि ठपका अंदाजाने कुणाच्या हातावर न जाता कारणावर जातो. महिनाभराच्या नोंदी जमल्या की त्या शॉपचे दोष कोणत्या वेळी, कोणत्या टाकीतून, कोणत्या हवेत येतात ते स्पष्ट दिसू लागते, आणि त्यानंतरचा खर्च रिवर्कवर न होता नेमक्या दुरुस्तीवर करता येतो.